भरल्या ताटावरून

आमच्या खानावळीत 'नको' या शब्दाला काडीची किंमत नव्हती. नाशिकजवळ सातपूरला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत माझी आई, मंगलाबाई, वीस-बावीस कामगारांना दोन वेळा जेवू घालायची. जेवणारा ताटावर आडवा हात धरून "नको, नको मावशी" म्हणाला की आई त्याच्या बोटांच्या फटीतून आमटी सोडायची. तरी हात निघाला नाही तर हातावरच भाकरी ठेवायची. "नको म्हननाराच खरा उपाशी असतो," असं तिचं म्हणणं. जेवणारेही काही कमी बनेल नव्हते. ज्याला तिसरी भाकरी हवी असे तोच सगळ्यात मोठ्याने नको म्हणायचा. मी परकर घालायची तेव्हापासून वाढायला उभी राहत आले. माणसाच्या तोंडाकडे लक्ष द्यायचं नाही, ताटाकडे द्यायचं, एवढं मला तिथे शिकवलं गेलं.

आईला अभिमान दोनच गोष्टींचा. एक, तिच्या दारातून कुणी उपाशी गेला नाही. दुसरी, भरल्या ताटावरून तिने कधी कुणाला उठवलं नाही. एकदा एक जण पिऊन आला आणि पंगतीत आईबहिणीवरून बरळायला लागला. बाकीचे त्याची गचांडी धरायला उठले, तर आई म्हणाली, "जेवू द्या त्याला. अन्न पुढ्यात हाय." त्याचं जेवण होईपर्यंत ती समोर उभी राहिली. त्याने हात धुतले, मग तिने त्याचं ताट-वाटी त्याच्या हातात देऊन त्याला कायमचा घालवला.

चंदर आमच्याकडे सत्त्याण्णव साली जेवायला लागला. कळवणकडच्या खेड्यातला, लेथ मशीनवर काम करणारा, इंदिरानगरला दत्तू नावाच्या सोबत्याबरोबर खोली घेऊन राहणारा. वर्षभरात तो गिऱ्हाईक राहिलाच नाही. गॅसची टाकी बदलायची तर चंदर, आईला दवाखान्यात न्यायचं तर चंदर. मी तेव्हा एका वर्कशॉपच्या ऑफिसात टायपिंग करायची. मला लूना त्यानेच शिकवली, मागून पळत पळत, धापा टाकत. त्याचे अर्ज, त्याच्या सुट्टीच्या चिठ्ठ्या मी लिहायची. मी त्याला 'कळवणचा कांदा' म्हणायची, तो मला 'पोलीसपाटील' म्हणायचा, कारण माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. मला जिवाभावाची मैत्रीण अशी नव्हतीच. जे काय सांगायचं ते मी चंदरला सांगत असे.

मला तो आवडायचा का? आवडायचा. हे लपवून मला काही सिद्ध करायचं नाही. पोळी आवडते म्हणून ती कुणी घशात कोंबावी असं होत नाही.

दोन हजार सालच्या फेब्रुवारीत त्याला ताप आला. दोन दिवस जेवायला आला नाही, म्हणून आईने मुगाची खिचडी डब्यात भरून दिली आणि माझी सुट्टी होती म्हणून मीच लूना काढली. दुपारचे बारा वाजले असतील. दत्तू पहिल्या पाळीला गेला होता. चंदरचा ताप उतरला होता. त्याने खिचडी खाल्ली, मी त्याच्या वाढलेल्या दाढीवरून त्याला छळलं, आम्ही हसलो. त्याने माझा हात धरला. तिथवर मला काही वाईट वाटलं नाही.

मग त्याने उठून दाराला कडी घातली. मी म्हटलं, "चंदर, नको." तो हसला. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. ताटावर हात धरणाऱ्याकडे बघून माझी आई तसंच हसते. मी परत म्हटलं, "नको ना." मी हात आडवा धरला. तो त्याने बाजूला केला. पुढे मी किती वेळा नको म्हटलं ते मला आठवत नाही. मी ओरडले नाही. खाली घरमालकीण गहू निवडत बसली होती, तिला ऐकू गेलं असतं, आणि तिला ऐकू गेलं असतं म्हणूनच मी ओरडले नाही. हे ज्याला कळत नाही त्याला मी समजावत बसत नाही.

नंतर त्याने मोरीत डबा घासला. फडक्याने पुसला, झाकण लावून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मावशीला सांग, खिचडी लय भारी झालती. उद्या येतो जेवायला."

आणि आला की! आईने "बरं वाटतंय का रे लेकरा" म्हणून त्याच्या भातावर जास्तीचं तूप सोडलं. मी त्याला भाकरी वाढली. माझा हात कापलासुद्धा नाही. याचा मला आजही राग येतो.

आठवड्याने मी त्याला बसस्टॉपवर गाठलं. भर दुपारी, चार माणसं उभी असताना, मुद्दाम. म्हटलं, "मी नको म्हणत होते."

तो खरोखर गोंधळला. तो नाटक करत असता तर मला सोपं गेलं असतं. "आगं, ऐकू येत होतं मला," तो म्हणाला. "तू नको नको म्हनत होतीस. पन नाय कुठं म्हनलीस? एकदा नाय म्हनली असतीस तर हात लावला नसता, आईशप्पथ. मला वाटलं लाजतीस." लोक बघायला लागले, तेव्हा त्याने आवाज खाली आणला. "आन मी काय पळून चाललोय का? लगीन करतो ना."

बरणी फुटली तर नवी आणून देतो, तसं म्हणाला.

माझ्यासारख्या तोंडाळ बाईची त्या एका वाक्याने बोबडी वळली. महिनाभर मी टायपिंग करता करता थांबायची आणि तेच तेच उगाळत बसायची. खरंच, मी 'नाही' म्हटलं नव्हतं. नको तर आपण वांग्याच्या भाजीलाही म्हणतो. पाहुण्याने दिलेल्या दहा रुपयांना नको म्हणतो आणि मग घेतो. मी स्वतः हजारो वेळा लोकांचं नको ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मग माझंच नको त्याने का ऐकावं? असं वाटायचं, आणि असं वाटतंय याचीच किळस यायची. तो डबा मी फळीवर मागे सारून ठेवला. आई विचारायची, "चांगला डबा, वापरत का नाय?"

पाडवा झाला आणि चंदरने आपल्या चुलत्याचा, भिमाजींचा, निरोप आणला. रीतसर मागणी घालायला येत होते. आईला आकाश ठेंगणं झालं. मुलगा आपल्यातला, कमावता, घरचाच झालेला. वडील गेल्यापासून माझं लग्न हाच तिचा घोर होता.

मी म्हटलं, "आई, मला नको."

"सगळ्याच पोरी नको म्हनत्यात. मीबी तुझ्या बापाला नकोच म्हनले व्हते."

मी दुसऱ्या दिवशी परत म्हटलं. तिने गालावर चापट मारली, लाडाने. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ती डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "का नको?" एवढं जरी विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं कोण जाणे. सांगायला तोंड उघडायची आणि कानात त्याचाच आवाज यायचा, नाय कुठं म्हनलीस.

भिमाजी सुट्टीच्या दिवशी आले. पांढरी टोपी, मोकळं हसणं. माणूस वाईट नव्हता. खानावळ त्या दिवशी बंद ठेवली होती. आईने पुरणपोळी आणि कटाची आमटी केली होती. दोन ताटं मांडली, चंदरचं आणि त्यांचं. भिमाजींनी पहिला घास घेण्याआधीच विषय काढला. "पोरगी पाह्यलेलीच हाय. आजच सुपारी फोडून टाकू. काय पोरी, पसंत ना?"

मी आमटीचं पातेलं धरून उभी होते. म्हटलं, "नको."

भिमाजी खदखदून हसले. "आमचीबी नकोच म्हनली व्हती. आता पाच नातवंडं हायेत!" आईही हसली. चंदर मान खाली घालून हसला. तिघांच्या हसण्यात माझा शब्द कुठल्या कुठे गेला. आत फडक्यात गुंडाळलेली सुपारी होती. ती फुटली की माझ्या तोंडात कुठलाच शब्द उरणार नव्हता, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

"वाढ गं त्याला," आई म्हणाली. "चंदरचं ताट बघ."

मी चंदरसमोर वाकले. वाटी भरली.

"बास, नको," तो म्हणाला.

मी आणखी एक पळी ओतली. आमटी वाटीतून ताटात उतरली.

"नको गं. पुरे."

आई कौतुकाने बघत होती, लेक आग्रह करतेय म्हणून. मी तिसरी पळी ओतली, चौथी ओतली. आमटी पोळीखाली शिरली, पुरण भिजून फुटलं. त्याने ताटावर हात आडवा धरला. मी त्या हातावर ओतली. आमटी गरम होती. त्याने हात झटकून मागे घेतला आणि ओरडला, "नको म्हनतोय ना! ऐकू येत नाय का?"

"येतंय ना," मी म्हटलं. "नको म्हणालास. नाय कुठं म्हणालास?"

मी बोलले ते हळूच. पण चंदरचा चेहरा उतरला. तोंडातला घास तोंडातच राहिला. भिमाजी अजून हसायच्याच बेतात होते, काहीतरी थट्टा चाललीय असं समजून. आई हसत नव्हती. इतकी वर्षं नुसत्या ताटांकडे बघणारी माझी आई त्या दिवशी तोंडांकडे बघत होती. आधी त्याच्या, मग माझ्या, मग परत त्याच्या.

"चंदर," ती म्हणाली, "काय म्हनतीय ही?"

त्याने साफ नाकारलं असतं तर काय झालं असतं मला माहीत नाही. तो भाजलेल्या हाताकडे बघत बसला.

"खिचडीचा डबा," आई स्वतःशीच म्हणाली. "तवापासून." आणि मग, "ऊठ."

"मावशी, मी लगीन..."

"ताटावरनं ऊठ."

भिमाजी म्हणाले, "बाई, भरल्या ताटावरून? असं करू नये."

"करू नये," आई म्हणाली. "आजवर केलं नाय. तुम्ही जेवा, तुमचा काही दोष नाय. पन ह्यो उठंल."

तो उठला. उष्ट्या हातानेच गेला. भिमाजींनाही घास जाईना. त्यांनी ताटाला नमस्कार केला आणि टोपी सावरत त्याच्या मागे गेले. आईने ते ताट उचललं, मागच्या दारी गाईपुढे ठेवलं आणि तिथेच पायरीवर बसून तोंडात पदर कोंबून रडली. मला वाटलं होतं, ती रडली की मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

दिवस मावळायच्या आधी तिने मला विचारलं, "मला कितींदा म्हनलीस गं, नको?"

"तीनदा. आज धरून चारदा."

"एकदाच पुरे व्हतं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "चौकीत जायचं का? तू म्हनशील तसं."

मी नको म्हटलं. त्या 'नको'वरून माझं माझ्याशी आजही भांडण होतं. सात वर्षं झाली, कधी वाटतं जायला हवं होतं. चंदर नाशिक सोडून गेला, पुढे त्याचं लग्न झालं असं दत्तूने सांगितलं. त्याच्या बायकोचा विचार मनात येतो तेव्हा तर वाटतंच. आणि खरं सांगायचं तर लूनामागे धावणारा चंदर मला अधूनमधून आठवतो, आणि तो आठवतो म्हणून मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत असते. पण त्या संध्याकाळी आईने मला दोनदा विचारलं नाही, लाजतेस का म्हटलं नाही, तू लहान आहेस म्हटलं नाही. मी म्हटलं तेच तिने धरलं.

दुसऱ्या दिवशी खानावळ उघडली. पहिल्या पंगतीत कुणीतरी सवयीने ताटावर हात धरला, "नको मावशी." आईची पळी मध्येच थांबली आणि ती पुढच्या ताटाकडे गेली. तो बिचारा हात तसाच धरून बघत राहिला. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. आठवडाभर आमच्या खानावळीतून माणसं अर्धपोटी उठत होती आणि मावशींचं काहीतरी बिनसलंय अशी कुजबुज करत होती. मग एकेक जण शिकला. चाळिशी-पन्नाशीतले बाप्ये लाजत लाजत म्हणायला लागले, "मावशी, वाढा."

त्या पहिल्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर आम्ही दोघी बसलो. आईने पातेल्यात पळी घातली आणि माझ्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा तिने मला विचारलं, "भात वाढू?"

"नको," मी म्हटलं.

तिने पळी पातेल्यात परत ठेवली, झाकण टाकलं आणि आपलं ताट तसंच ठेवून बसून राहिली. मग मला भूक लागली.

"आता वाढ," मी म्हटलं.