झेलणारी

गोकुळानं मैदानाच्या टोकाला टांगलेली जाळी चिमटीत धरून ओढली. एक गाठ लगेच सुटली.

"हे जाळं कोणं विणलं, मास्तर? याच्यात बेंडूक बी थांबाचा नाई."

देवाजी सर हसले. वरोऱ्याच्या या लहानशा कॉलेजात पोरींना बेसबॉल शिकवणारे ते एकटेच. बाजूला उभ्या आचलनं कपाळाला हात लावला.

गोकुळाच्या बारावी झालेल्या या नातीला दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. नागपूरच्या मोठ्या कॉलेजात हिरवंगार मैदान, वसतिगृह, बूट फुकट. इथं शेणाचे पो बाजूला सारून आखलेलं मैदान. नागपूरला आजच होय-नाही कळवायचं होतं, आणि घरात होय-नाही म्हणणारं तोंड एकच होतं, गोकुळाचं. ते तोंड नागपूरच म्हणत होतं. पोरगी द्यावी तर भरल्या घरी. इथं येणं निव्वळ आचलच्या हट्टापायी.

"हिले तळ्यावर साधं जाळं फेकता येत नाई," गोकुळा म्हणाली. "अर्धं तिच्याच डोक्यावर पडते. तुमी काय पाहून बोलावलं?"

"तुमी हिचा खेळ पाह्यलाच नाई का, आजी?"

"मासोळ्या इकू का खेळ पाहत बसू?"

सरांनी खूण केली. रोशनी नावाची एक काटकुळी पोरगी तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून उकिडवी बसली. आचल लांब जाऊन उभी राहिली. गोकुळा जाळीमागं, रोशनीच्या पाठीशी.

आचलनं गुडघा छातीपर्यंत उचलला. पुढं काय झालं ते गोकुळाला दिसलंच नाही. रोशनीच्या हातमोज्यात फाटकन आवाज झाला आणि पलीकडच्या कडुनिंबावरचे बगळे उठले. चेंडू आला कधी?

दुसरा. तिसरा. गोकुळा पापणी न लववता बघत होती, तरी चेंडू मधल्या मधे नाहीसा होत होता. नाक आजोबाचं, रंग बापाचा, हट्ट आपला. पोरीचं सगळं तिनं कधीच वाटून टाकलं होतं. हे मात्र कोणाच्याच वाट्याला घालता येईना. तळ्यात उतरावं आणि खालून गार झरा पायाला लागावा, तसा तिच्या अंगावर काटा आला.

"आजी, काऊन गप झाली?" आचल तिकडून ओरडली.

गोकुळाची नजर आता रोशनीवर होती. डोंग्यात उभं राहून जाळं फेकणाऱ्याचं नाव सारं गाव घेतं. पण तोल असतो मागं वल्हं धरून बसलेल्याच्या हाती. धिवराच्या घरची बाई डोंग्यात पाय ठेवण्याआधी त्या वल्हं धरणाऱ्याचं तोंड पाहते.

"इकडं ये वं पोरी. मोजा काढ."

रोशनीचा तळहात लाल, सुजलेला होता.

"डोळे मिटत होते का तुहे?"

रोशनीनं सरांकडं पाहिलं. मग म्हणाली, "पहिल्या दोनीले मिटले. तिसऱ्याले नाई." जराशानं पुन्हा म्हणाली, "आजी, नागपूरले माह्याहून भारी पोरी हायेत झेलाले. हिचा चेंडू मले अजून पुरता झेपत नाई."

सर खाकरले. "अगं रोशनी..."

"बोलू द्या तिले." गोकुळानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. एव्हाना आचल जवळ आली होती. "नागपूरले तुहा चेंडू कोणं झेलला होता वं?"

"कोणं नाई, आजी. जाळीत टाकाले लावला. वेग मोजाची मशीन होती."

"होय का नाई ते सांगून टाका मंग नागपूरवाल्यांले," सर हळूच म्हणाले. "वाट पाहून राह्यले असन."

गोकुळा तो तळहात अंगठ्यानं चोळत राहिली. मग नातीकडं न बघताच म्हणाली,

"हिच्या हाताले सवय होये वरी जरा दमानं टाकत जाजो."

रोशनीनं हात सोडवून घेतला, मोजा चढवला.

"दमानं नको टाकू वं," ती आचलला म्हणाली, आणि जाऊन पुन्हा उकिडवी बसली.