ओइवाची शेवटची गोळी

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी, लागोपाठ तिसऱ्यांदा, दुपारी दोन वाजता आमचं अख्खं सुओवारा गाव दलदलीच्या काठावर उभं होतं आणि प्रत्येकाच्या हातात गाईच्या गळ्यातली घंटा होती. गावातून गाई जाऊन वीस वर्षं झाली. लोकांनी माळे धुंडाळून, गंज घासून घंटा आणल्या होत्या, कारण मेलेल्यांशी बोलणाऱ्या यालमारीबुवांनी तसं फर्मान काढलं होतं.

बुवा आमच्यापुढं पन्नास पावलांवर, दलदलीत टाकलेल्या फळ्यांवर एकटेच उभे होते. त्यांच्या समोर दलदलीच्या मधोमध तो काळा खडक. दोन वर्षांपूर्वी माझे मेहुणे ओइवा मूस हरणाच्या शिकारीत दमून त्या खडकाला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं. बंदूक मांडीवर तशीच होती आणि एक गोळी नळीतच राहिली होती.

"ओइवाऽऽ!" बुवांनी दोन्ही हात वर केले. "तुझी गोळी नळीत अडकली आणि तुझा जीव गोळीत अडकला! असशील तिथं तर बोल!"

कुणी खोकलंसुद्धा नाही. आइलीताईची, म्हणजे माझ्या बहिणीची, नखं माझ्या दंडात रुतली होती.

"फट्!"

चाबूक ओढावा तसा आवाज. थेट खडकाकडून. तिथं माणूस नाही, बंदूक नाही, धुराची रेघ नाही. ससा बसला तरी दिसेल इतकी ती जागा उघडी. बुवासुद्धा दर वेळेसारखे दचकून खाली वाकले.

"वाजवा! अरे बघताय काय, वाजवा! त्याचा श्वास कानात शिरायच्या आत वाजवा!"

साठ घंटा एकदम खणखणल्या. मी तेन्हो, शिकारी मंडळाचा आचारी. चर्चमध्ये पाद्र्याला उलट प्रश्न विचारतो म्हणून गावात माझी ख्याती आहे. पण खोटं कशाला सांगू? त्या दिवशी सगळ्यात जोरात घंटा मीच वाजवत होतो.

बुवा फळ्यांवरून परत आले. चेहरा घामेजलेला. ताईसमोर थांबून हळू आवाजात म्हणाले, "आइली, त्याला त्याची कुत्री हवीय. शिकाऱ्याला कुत्र्याशिवाय वाट सापडत नाही गं. पुढच्या रविवारी ती त्याच्याकडं पोचली पाहिजे. नाही पोचली, तर तो माणूस नेईल. आणि घरातलाच नेईल."

तुइस्कू, ओइवाची करडी शिकारी कुत्री, आमच्या पायाशीच होती. खडकाकडं पाठ करून, डावीकडच्या लांबच्या टेकडीकडं बघून ती जीव तोडून भुंकत होती.

"बघा!" बुवा म्हणाले. "मालकाला तोंड दाखवायची हिंमत होत नाही तिची. पाप असतं मनात!"

लोकांनी माना डोलावल्या. कुत्रीच्या मनातलं पाप बुवांना दिसलं आणि आम्हाला ते पटलंसुद्धा. इतके आम्ही घाबरलो होतो.

संध्याकाळी ताईनं कॉफी ओतली. कप माझ्यापुढं सरकवला आणि एकदम म्हणाली, "तू करशील ना?"

"काय करू?"

"तुला कळलंय, तेन्हो. यालमारीचा भाचा वेसा म्हणत होता, मी करतो म्हणून. पण परक्याच्या हातनं नको. ती तुझ्या हातचं खाते."

"ताई, वेड लागलंय का तुला? नऊ वर्षांची कुत्री आहे. ओइवा गेले त्या दिवशी हिनंच भुंकून आपल्याला तिथवर नेलं होतं."

"म्हणून तर!" ताईचा आवाज फुटला. "एकोणचाळीस वर्षं संसार केला मी त्याच्याबरोबर. त्या थंड चिखलात तो एकटा बसलाय आणि कुत्री मागतोय. मी नाही म्हणू? आणि उद्या त्यानं तुला नेलं तर? मला आता आहे कोण तुझ्याशिवाय?"

तुइस्कू टेबलाखालून आली आणि माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली. मला भुताची भीती वाटत होती, ताईच्या डोळ्यांची वाटत होती आणि त्या कुत्रीकडं बघायची तर सगळ्यात जास्त वाटत होती.

"रविवारी," मी म्हणालो. शब्द देऊन बसलो.

बुधवारी आरोग्य केंद्रात माझी कानाची तपासणी होती. शिकारीचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो, त्याआधी मंडळातल्या प्रत्येकाचे कान तिथल्या नर्स लेम्पीबाई तपासतात. बाई तपासतात कमी आणि झापतात जास्त. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं.

"आवाज आला की दाबायचं."

मी दाबत राहिलो. जरा वेळानं बाईंनी हेडफोन काढले.

"तेन्हो, मी अजून मशीन चालूच केलेलं नाही. तू बटण कशाला दाबतोयस?"

माझ्या कानांत अजून रविवारची ती फट्च वाजत होती. मग मला राहवलं नाही. खडक, आवाज, बुवा, कुत्री, रविवार, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत.

"आवाज कसा येतो? धाड् की फट्?"

"फट्. चाबकासारखा."

"त्याच्या मागून काय ऐकू येतं?"

"मागून काय, घंटा. बुवा लगेच वाजवायला लावतात ना."

"लगेच? एक श्वाससुद्धा न थांबता?"

"श्वास कानात शिरू नये म्हणून."

"आणि कुत्री कुठं बघते?"

"टेकडीकडं. खडकाकडं पाठ करून."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. "भूत असतं तर मी खुशाल बसले असते रे. ऊठ. गाडी काढ."

त्यांनी मला मंडळाच्या नेमबाजीच्या मैदानावर नेलं. तिथं निशाणाच्या फळ्यांखाली काँक्रीटचा खोल खड्डा आहे. फळ्या वरखाली करणारा माणूस त्यात सुरक्षित बसतो. बाईंचे वडील या मैदानाचे राखणदार होते, बाईंचं लहानपण या खड्ड्यात गेलेलं.

"खाली बस. मी हॉर्न वाजवेपर्यंत डोकं वर काढायचं नाही. आणि घाबरलास तरी गप्प राहायचं. फक्त ऐकायचं."

त्या आपली बंदूक घेऊन तीनशे मीटर लांब गेल्या. तिच्या टोकाला सायलेन्सर होता, आवाज दाबणारी जाड नळी. आमच्याकडं तो सगळ्यांच्याच बंदुकीला असतो. कान वाचतात, कुत्र्यांचेही वाचतात, आणि शेजाऱ्यांच्या शिव्या कमी होतात.

"फट्!"

डोक्यावर! अगदी डोक्यावर, मोकळ्या आभाळात! मी भिंतीला चिकटलो. तोच आवाज, तोच चाबूक. ओइवा माझ्या मागं इथवर आले, असंच मला वाटलं. तोंडातून "देवा" निघणार, तेवढ्यात लांबून आणखी एक आवाज आला. मऊ. पिठाचं पोतं खाली टाकल्यासारखा.

"धप्."

हॉर्न वाजला. बाई आल्या तेव्हा मी खड्ड्याच्या पायरीवर बसलो होतो.

"दोन आवाज आले?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"दुसरा बंदुकीचा. नळीतून सुटणारा वायू जो धडाका करतो, तो सायलेन्सर दाबतो. नाव सायलेन्सर, पण गप्प काही करत नाही मेला. धाड्ची धप् करतो, एवढंच. आणि पहिला आवाज गोळीचा. गोळी आवाजाहून वेगानं पळते, जाता जाता सगळ्या वाटेवर हवा फाडत जाते. ती नळीतून बाहेर पडल्यावर सायलेन्सर तिचं काय वाकडं करणार? वाटेच्या बाजूला जो उभा असतो, त्याला ती फट् बंदुकीच्या दिशेनं येतच नाही. समोरच्या हवेतून येते. आणि समोर खडक असला की कान म्हणतो, खडकातून आली."

"पण बाई, आम्ही सगळे रोज हेच यंत्र वापरतो. आम्हाला कळलं नसतं?"

"तुम्ही बंदुकीच्या मागं उभे असता. पुढं उभं राहून कुणी ऐकलंय?"

मला शरमेनं कानकोंडं झालं. चाळीस वर्षांपूर्वी सैन्यात असताना मीही अशाच खड्ड्यात फळ्या ओढल्या होत्या. पण तेव्हा प्रत्येक फट्मागून खणखणीत बार ऐकू यायचा, म्हणून गोंधळ व्हायचा नाही. आता मागचा आवाज मऊ झाला, आणि तोही आम्ही आमच्याच हातांनी, घंटा बडवून बुजवला. कुत्रीला मात्र तो ऐकू यायचा. म्हणून बुवांना ती नको होती.

मग एकदम दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि अंगाला काटा आला. "म्हणजे बाई, आम्हाला जेव्हा फट् ऐकू येते, तेव्हा..."

"तेव्हा खरी गोळी तुमच्या पुढून गेलेली असते," त्या म्हणाल्या. "साठ माणसांच्या पुढून."

बाईंनी नव्वद किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्यात फोन केला. पोलिसांनी बजावलं, कुणाजवळ बोलू नका. आमच्या गावात टेकडीवर शिंकलं तर दुकानात औषध तयार असतं. त्यामुळं ताईलाही सांगता येईना. मी एवढंच म्हणालो, "घरी नको, दलदलीवरच करू, ओइवांच्या समोर." तीन दिवस ती कुत्रीला साल्मन माशाचे तुकडे भरवत होती आणि रडत होती. तेवढ्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

रविवारी पुन्हा गर्दी, पुन्हा घंटा. ताईच्या हातात तुइस्कूची दोरी. माझ्या खांद्यावर बंदूक, रिकामी.

"ओइवाऽऽ! तुझी कुत्री आणलीय! बोल!"

शांतता.

"ओइवाऽऽ!"

दलदलीवरून एक बगळा उडाला. बुवांनी घसा साफ केला. "आज वारा उलटा आहे. मेलेल्यांना वारा बाधतो."

"परवा तर म्हणालात, त्यांना अंगच नसतं," मागून लेम्पीबाई म्हणाल्या.

"कोण बोललं ते? श्रद्धा नसलेला माणूस इथं उभा असला की ते येत नाहीत! ओइवाऽऽ, लाजू नकोस रे!"

तेवढ्यात तुइस्कू टेकडीकडं बघून भुंकायला लागली. या वेळी सगळ्यांनीच तिकडं पाहिलं. टेकडीवरून दोन पोलीस उतरत होते आणि त्यांच्या मधोमध, मान खाली घालून, बुवांचा भाचा वेसा. पोलिसाच्या हातातल्या बंदुकीच्या टोकाला मनगटाएवढी जाड, काळी नळी होती. पोलीस म्हणाले, वेसाच्या फ्रीजरमध्ये हंगामाआधी मारलेल्या तीन मूस हरणांचं मांस सापडलं. लोक घाबरून दलदलीकडं फिरकू नयेत, यासाठी सगळा खटाटोप.

"मला या कार्ट्याचं काहीच माहीत नाही!" बुवा फळ्यांवरूनच ओरडले. "मी तर इथं उभा होतो!"

"उभे होतात ना? मग तिथंच उभे राहा," लेम्पीबाई म्हणाल्या. काठालगत, फळ्यांच्या उजवीकडं एक वाळकं पाइनचं झाड आहे. बाई त्याच्याकडं गेल्या. खोडात भोकं होती, ताजी. सगळ्यात खालच्या भोकात त्यांनी एक लांब पेन्सिल खुपसली. ती आत रुतली आणि टेकडीकडं रोखून राहिली. "या, एकेकानं येऊन पेन्सिलीवरून बघा."

मी पहिला गेलो. पेन्सिल, तिच्या पुढं बुवांची टोपी, टोपीच्या पलीकडं टेकडी. तिन्ही एका रेषेत.

"वेसा," बाईंनी विचारलं, "हे यंत्र चढवल्यावर निशाण पुन्हा लावून बघितलं होतंस?"

"कशाला? बंदूक तीच आहे की."

"नळीच्या टोकाला एवढं वजन लागलं की बंदूक पहिल्या जागी मारत नाही, बाळा. हजारदा सांगते मी. जवळ बोटभर फरक असतो, इतक्या लांब माणसाएवढा होतो."

बुवांनी स्वतःची टोपी चाचपली. तोंड पिठासारखं पांढरं. मग ते किंचाळले, "वेसा, मेल्या! तू म्हणालास डोक्यावरून दोन पुरुष उंच मारतो! माझ्या कानाशी यायचा आवाज, मी म्हणायचो जवळून जातेय, तू म्हणायचास, मामा, भास आहे!"

बुवा दर रविवारी दचकून वाकायचे ते खरंखुरं होतं आणि आम्ही त्यालाच साक्षात्कार समजत होतो. बुवा फळ्यांवर मटकन बसले. त्यांना धरून काठावर आणावं लागलं.

लोक पांगले. घंटा तशाच शेवाळात पडल्या होत्या. ताई खाली बसून कुत्रीच्या मानेतली दोरी सोडत होती. दोरी सुटली तरी तुइस्कू जाईना.

"म्हणजे तो तिथं नाही," ताई म्हणाली.

"नाही ताई. ओइवा चर्चच्या मागं आहेत, आपण पुरलं तिथंच. त्यांना काही नको आहे."

तिनं दोरी हाताला गुंडाळली. मग मान वर न करता तिनं विचारलं, "तेन्हो, त्या बुधवारी तुझे कान तपासायचे नसते, तर तू आज हिला मारलं असतंस?"

"हो," मी म्हणालो. "मारलं असतं."

तीच माझी खरी भीती, आणि ती अजून गेलेली नाही. भुताची कधीच गेली. म्हणून सांगतो, घाबरायला हरकत नाही, भीती कुणाला चुकलेली नाही. पण कुणी तुम्हाला म्हणालं की ऐकू नका, बघू नका, आधी घंटा वाजवा, तर घंटा खाली ठेवा आणि एक श्वासभर कान देऊन थांबा. कुत्रीला जे कळत होतं ते आम्हा साठ माणसांना कळलं असतं, आम्ही फक्त गप्प राहायला हवं होतं.