बुचाचं विरजण

आमच्या कारखान्यात बुचं शिजतात. बाटल्यांची झाकणं, पोहायचे पट्टे, जुन्या चपलांचे तळवे, सगळं कुटून नायट्रिक आम्लात उकळायचं. वर आलेलं मेण काढायचं आणि गाळलेलं पाणी पसरट परातीत निवत ठेवायचं. सकाळी त्यात पांढरे खडे धरतात. हे सुबेरिक आम्ल. कुणी त्याचा चिवट धागा करतं, कुणी वंगण, कुणी औषध. "बाटलीचं बूच शेवटी आजाऱ्याच्याच पोटात जातं," हा विनोद बाबा तीस वर्षं करताहेत आणि स्वतःच हसताहेत.

खडे लवकर धरावेत म्हणून आदल्या घाण्यातले चार खडे नव्या परातीत टाकायचे. त्याला आम्ही विरजण म्हणतो.

ताई जाऊन वर्ष झालं. बुचाच्या तळव्याच्या तिच्या चपला आईनं उशाशी ठेवल्या होत्या. तळव्यांत तिची पावलं उमटलेली. उजव्याला करंगळी नव्हती, ती लहानपणीच दारात सापडून गेली होती. रोज सकाळी आई आधी त्या खळग्यांवरून हात फिरवायची, मग मला चहा द्यायची. मी जिवंत असून दुसरी. एक दिवस डोक्यात सणक गेली. मी त्या चपलांचे पट्टे कापले आणि तळवे कुटून घाण्यात घातले. आईला सांगितलं, उंदरांनी नेल्या असतील.

दुसऱ्या सकाळी परातीत खड्यांचं पाऊल धरलं होतं. उजवं, चार बोटांचं. मी घाईनं ते फोडलं. पण विरजण त्यातलंच पडलं, आणि पुढच्या घाण्यात पाऊल पुन्हा आलं, रस्त्याकडच्या दाराच्या दिशेनं वीतभर सरकलेलं. चौथ्या घाण्याला त्याची बोटं परातीच्या काठाला टेकली.

बाबांनी ते पाहिलं, बोटं मोजली. "पुढचा घाणा विरजणाशिवाय लावू. जाऊ दे तिला."

आई कुणी हाक न मारताच आत आली.

"चालतेय ती," ती म्हणाली. "पण बाहेर का म्हणून?"

तिनं दोन्ही हातांनी परात फिरवली. आता बोटं मागच्या, आमच्या घराकडे होती. ताई घरात आली असती, तर आईला सगळं कळलं असतं, आणि मग मी दुसरीसुद्धा उरले नसते.

सकाळी जाग आली तेव्हा फरशीवर पांढरी पावलं होती. कारखान्याकडून आलेली, आईच्या खाटेला वळसा घालून माझ्या खाटेपाशी संपलेली. बोटं माझ्याकडे.

आई गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं ती पुसत होती.

"बाबा उठायच्या आत आवरते," ती म्हणाली. "उंदीर पट्टे कापून बाजूला ठेवत नाहीत गं. मला ते त्याच दिवशी सापडले."

"आई, चुकले मी." मला रडू आवरेना.

तिनं फडकं पिळलं, खाटेखालच्या माझ्या चपला काढल्या आणि तळव्यांवरून सावकाश हात फिरवला.

"या आता माझ्या उशाशी राहू देत," ती म्हणाली, आणि मग चहा ठेवायला गेली.