चपलांच्या मांडणीचा संशय

मी एक जुनी मांडणी आहे. चपला-बूट ठेवायची. एका सभागृहाच्या दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून मी उभी असते. माझ्याकडे कोणी मुद्दाम बघत नाही. बघितलेच तर वाकून, आणि तेही स्वतःची चप्पल सापडत नसेल तेव्हा.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझा स्वभाव संशयी आहे. तो मला चपलांमुळे लागला नाही, पावामुळे लागला.

माझा जन्म बेकरीसाठी झाला. सुताराने माझ्या फळ्या सलग केल्या नाहीत. पट्ट्या ठोकून मध्ये फटी ठेवल्या, कारण गरम पावातली वाफ खालून निघून गेली नाही तर पावाचे बूड ओले राहते. भट्टीतून निघालेला पाव थेट माझ्या अंगावर येई. गिऱ्हाइके दारातच थांबून खोल श्वास घेत आणि म्हणत, "वा!" ते मला म्हणत नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

बेकरीवाला मात्र कधी वा म्हणाला नाही. तो पाव उलटा करायचा, नीट भाजला की पोकळ वाजतो म्हणून बुडावर बोटाने टकटक करायचा आणि कान लावायचा. त्याची बायको हसायची. "अहो, एवढा खरपूस दिसतोय. आता काय त्याची जबानी घेणार?"

"रंग काय, वरून कसाही आणता येतो," तो म्हणायचा. "बूड खोटं बोलत नाही."

रोज हेच ऐकल्यावर दुसरे काय होणार? मीही प्रत्येक गोष्टीचे बूड बघू लागले.

पुढे बेकरीवाल्याचे हात थरथरू लागले आणि भट्टी विझली. कित्येक वर्षे मी मागच्या खोलीत पडून होते. अंगावर रिकामे डबे, कोपऱ्यात कोळ्यांची जाळी. मग एक दिवस मास्तर आले. हे गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. दर रविवारी सकाळी ते लोकांना जुने ग्रंथ समजावून सांगत. माणसे आत बसत आणि चपलांचा ढीग दाराबाहेर पडे. मास्तरांनी मला उचलून तिथे आणले.

पावाच्या जागी जोडे! सुरुवातीला मला फार वाईट वाटले. पण हळूहळू लक्षात आले की इथे तर नुसती बुडेच बुडे आहेत. कोणाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली, कोणाचा अंगठ्याखाली खड्डा. वरून पॉलिश आणि खाली भोक, असेही बूट मी पाहिले. बेकरीवाला असता तर खूश झाला असता.

त्या वर्षी वर्गात नम्रतेचा विषय सुरू होता. मास्तरांचा आवाज दारातून माझ्यापर्यंत यायचा.

"ज्ञानाची लक्षणं सांगताना आपल्याकडे पहिलं लक्षण कोणतं सांगितलंय? पाठांतर नव्हे. अमानित्व. मला मान द्या, ही मागणीच मनातून जाणं. आणि लगेच दुसरं, अदंभित्व. जे आपल्यात नाही ते न दाखवणं. ही दोन शेजारी शेजारी का ठेवली असतील?"

"मला मान नको, असंही दाखवता येतं म्हणून," एका बाईचा आवाज आला.

त्या दातांच्या डॉक्टर होत्या. कोणीतरी "श्शू" केले. मास्तर मात्र हसले. म्हणाले, "बरोबर. अहंकार घरातून सगळ्यांत शेवटी निघतो, आणि जाता जाता नम्रतेचे कपडे घालून परत येऊन बसतो."

झाले! पुढच्या रविवारपासून लोकांना खालचे काम हवेसे वाटू लागले. आणि सर्वांत खालचे काम कोणते? चपला लावण्याचे.

"मागच्या वेळी तुम्हीच केलीत की सेवा. आज मला द्या."

"छे हो! तुम्ही आत बसा. मोठी माणसं तुम्ही."

"मोठे तुम्ही! मी कसला मोठा?"

"हे बघा, मोठं कोणाला म्हणताय?"

लहान ठरण्यावरून इतके मोठे भांडण मी तरी कधी पाहिले नव्हते.

या सेवेचे प्रमुख होते पायधूळ काका. बँकेतून निवृत्त झालेले. कोणी नमस्कार केला की हे दुप्पट वाकून म्हणत, "अहो, मी तर तुमची पायधूळ." म्हणून हे नाव. प्रत्येक जोड ते दोन्ही हातांनी उचलत, कपाळाला लावत आणि मग हळूच माझ्या फळीवर ठेवत. लोक बघत राहत. दाराशी कोणी नसले की मात्र जोड थेट फळीवर यायचा. कपाळ मध्ये लागत नसे. हे फक्त मी पाहिले आहे.

डॉक्टरांचे सगळे उलटे. त्यांच्यापुढे कोणी वाकले की त्या म्हणत, "उठा, कंबर धरेल." त्यांची पाळी आली तेव्हा त्या रबरी हातमोजे घालून आल्या.

"सेवेला हातमोजे?" काकांनी अगदी मऊ आवाजात विचारले.

"मी लोकांच्या तोंडात हात घालते, काका. चपलांचे जंतू तिथं कशाला न्यायचे?"

उत्तर बरोबर होते. पण बरोबर उत्तर देणाऱ्यावरही माझा संशय असतो. उत्तर बरोबर आहे म्हणजे माणूस ताठ नाही, असे थोडेच आहे?

आणि तिसऱ्या होत्या शिंपीणबाई. सगळे त्यांना मावशी म्हणत. लहानपणीच्या आजाराने त्यांचा डावा पाय किंचित आखूड राहिला होता. डाव्या बुटात त्या बुचाची एक पाचर घालत. एका जुन्या चांभाराने ती त्यांना पुन्हा पुन्हा चालायला लावून, थोडी थोडी तासून बसवून दिली होती. आता तो चांभारही राहिला नव्हता. पाचर असली की मावशी सरळ चालत. नसली की कंबर लचके आणि खुब्यात कळ येई. त्यांचे काम तर दिवसभर मेजाशी उभे राहून कापड बेतण्याचे. पण बोलण्यात रडगाणे नाही. म्हणायच्या, "माझा एक पाय नम्र आहे हो, दुसरा ताठ. चालायला दोन्ही लागतात."

एका रविवारी बाहेरून वक्ते यायचे होते. काकांनी ठरवले की आत भाषण चालू असताना सगळ्यांचे जोडे पुसून ठेवायचे. लोक बाहेर येतील आणि थक्क होतील. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला पाठ करून डॉक्टर, मध्ये मी.

काकांच्या हाती मावशींचा बूट आला. आत बुचाचा एक तुकडा, घामाने काळा पडलेला, कडा सुटलेल्या.

"काय काय भरून ठेवतात लोक," काका पुटपुटले. पाचर उपटली आणि पायरीजवळच्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. बूट आतून-बाहेरून चकचकीत पुसला. थोड्या वेळाने सभागृहाच्या शिपायाने बादली नेऊन रिकामी केली. मी सगळे पाहत होते. मांडणीला तोंड नसते, मित्रांनो.

भाषण संपले. मावशींनी बुटात पाय घातला, एक पाऊल टाकले आणि पटकन माझी वरची फळी धरली.

"माझी पाचर?" त्या म्हणाल्या. "आत होती ती कुठं गेली?"

सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली. रबरी हातमोज्यांकडे.

"डॉक्टरांना घाण खपत नाही ना," कोणीतरी हळूच म्हणाले. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे.

काकांचे तोंड उघडले. मिटले. मग त्यांनी हात जोडले.

"कोणाला बोलू नका. सगळा दोष माझा. सेवेचा प्रमुख मी. मी तुमची पायधूळ, काय ती शिक्षा मला करा."

"बघा! याला म्हणतात मोठेपण," एक जण म्हणाला. "दुसऱ्याचं कसं स्वतःवर घेतात!"

मी थक्क झाले. माणूस खरे बोलत होता, आणि ते अशा सुरात बोलत होता की कोणी खरे मानू नये. खरे लपवायला खऱ्यासारखी जागा नाही, हे मला त्या दिवशी समजले.

डॉक्टरांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. "मी काढली का? मला तसं आठवत नाही. पण इतके जोड हाताखालून गेले, नसेलच काढली असं छातीठोक सांगणार नाही. आधी शोधू या. बादली कुठाय?"

"कोपऱ्यावरच्या डब्यांत ओतली," शिपाई म्हणाला. "कुठल्या ते लक्षात नाही. आता गाडी येईल."

कोपऱ्यावर साऱ्या गल्लीचे डबे ओळीने उभे होते, काठोकाठ भरलेले. डॉक्टर तिकडे धावल्या. मावशी पायरीवर बसल्या आणि खुबा दाबू लागल्या. काका त्यांच्यासमोर वाकले.

"मावशी, मी पामर, माझ्यासारख्या क्षुद्राच्या हातून..."

"काका, दोष नको मला," मावशी म्हणाल्या. "दोष बुटात घालून चालता येत नाही. पाचर कुठंय ते सांगा."

लांबून कचऱ्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. मास्तर दारात उभे होते. ते आवाज न चढवता म्हणाले, "काका, तुम्ही काढलीत का? हो की नाही, एवढंच."

"मास्तर, असं काय विचारता!" लोक कुरकुरले. "ते बिचारे स्वतःहून..."

"हो," काका म्हणाले.

त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मग ते भरभर बोलले. "मी काढली. मळकी वाटली. बादलीत निळी पिशवी होती, चहाच्या कागदी पेल्यांची. तिच्यात टाकली."

आणि ते अनवाणीच धावले. कोपऱ्यावरून त्यांची हाक माझ्यापर्यंत आली. "निळी पिशवी, डॉक्टर! निळी बघा!" डॉक्टरांनी एक हातमोजा काढून त्यांच्या हातात दिला. एक हात यांचा, एक हात त्यांचा, अशा दोघांनी पिशव्या उपसल्या. गाडी वळणावर आली तेव्हा पाचर सापडली होती. डॉक्टरांनी ती नळाखाली धुतली, रुमालात दाबून कोरडी केली.

मावशींनी ती बुटात बसवली आणि उभ्या राहिल्या. सरळ.

या वेळी कोणी वा म्हणाले नाही. उलट एक जण तोंड वाकडे करून म्हणाला, "म्हणजे यांनीच केलं होतं होय!" दुसऱ्याची चूक अंगावर घेणारा काका लोकांना हवा होता. स्वतःची घेणारा नको होता. काकांचे कान लाल झाले. ते मान खाली घालून उभे राहिले. ती मान कोणाला दाखवण्यासाठी खाली नव्हती. मी नीट बघितले.

"काका, हात द्या," मावशी म्हणाल्या. "पायऱ्या उतरायच्यात. आणि पुन्हा माझा बूट पुसायचा झाला तर आधी विचारा. मी हो म्हणेन असं नाही."

काकांनी हात दिला.

पुढच्या रविवारी मास्तर आत सांगत होते, "नम्रता म्हणजे स्वतःला लहान करणं नव्हे. आहोत तेवढंच असणं. स्वतःला वाढवून सांगितलं तर माप चुकतं, आणि कमी सांगितलं तरी चुकतंच." काकांनी स्वतःची चप्पल स्वतः ठेवली आणि आत जाऊन बसले. त्यांनी आता पायधूळ म्हणणे सोडले आहे. ते खरोखर सोडले की हीही एक तऱ्हा, ते मी अजून ठरवलेले नाही. माझी नजर आहे.

मित्रांनो, माझे सांधे आता खिळखिळे झाले आहेत. माझ्या जागी लोखंडी मांडणी आणायचे बोलणे चालू आहे. ती चकचकीत असेल, पण संशय घ्यायला तिला वेळ लागेल. म्हणून जाण्याआधी एवढेच मागते. दुसऱ्याची वस्तू जपून हाताळा. हातून काही चुकले आणि कोणी विचारले, "तू केलंस का?" तर हात जोडू नका, कपाळ बडवू नका. हो म्हणा, आणि वस्तू कुठे टाकली ते सांगा. तुमचे उत्तर येईपर्यंत कोणीतरी एका पायावर उभे असते.