अठरा ते एकोणतीस, पुरुष

"आजोबा, तुमच्या वयाच्या लोकांचा आकडा पुरा झाला हो," बोंगसुन फोनवर सांगत होती.

"पुरा झाला म्हणजे? मी काय बसमध्ये चढतोय?" आजोबा खवळले. "फोन तूच केलास ना गं? मग माझं मत कुठं नेऊन घालू?"

मागच्या टेबलावर कानाला हेडफोन लावून मी ऐकत होते. माझं कामच ते. कोरियातल्या दएगू शहरातल्या या ऑफिसात बावीस बायका दर आठवड्याला हजार माणसांना फोन करून विचारतात, राष्ट्राध्यक्षांचं काम चांगलं चाललंय की वाईट. मी कुणाच्याही लाइनवर गुपचूप शिरते आणि बाई नीट विचारतेय ना ते बघते. एकोणीस वर्षं मी देशाचं मत चोरून ऐकतेय, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं कौतुक उरलेलं नाही. कोबी महागला की राष्ट्राध्यक्ष वाईट, लेकाला नोकरी लागली की चांगले. कुठल्या वयाची किती माणसं घ्यायची ते आधीच ठरलेलं असतं. म्हातारे तर फोनची वाटच बघत असतात, पहिल्याच सकाळी त्यांचा आकडा भरतो. तरुण पोरं "कोण?" म्हणतात आणि ठेवून देतात. शेवटच्या दिवशी, गुरुवारी दुपारी, रिकामा राहतो तो एकच रकाना: अठरा ते एकोणतीस, पुरुष.

त्या गुरुवारी चार वाजता त्यात एकच माणूस कमी होता.

माझ्या घरी या कामाला कवडीची किंमत नाही. नवऱ्याचं, छांगशिकचं, बाजारात किल्ल्या बनवायचं दुकान आहे. तो राष्ट्राध्यक्षांचा कट्टर भक्त. टीव्हीवर आकडा उतरलेला दिसला की "सगळं बनावट" म्हणून चॅनेल बदलतो, आणि तो आकडा जमवणारी बाई शेजारीच जेवत असते. मुलगा हानसोल अगदी उलट. गेल्या वर्षी नववर्षाच्या सणाला पूर्वजांचा नैवेद्य झाला, सगळे सूप प्यायला बसलो आणि बापलेकांची जुंपली. हानसोल दोन-चार वाक्यं बोलला असेल. "पुरे! माझ्या घरात जेवतोस आणि मलाच शिकवतोस?" म्हणून नवऱ्याने चमचा आपटला. मुलगा वाटी तशीच ठेवून उठला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि चाळिसाव्या दिवशी उल्सानच्या ओल्या रस्त्यावर हानसोलची मोटरसायकल घसरली. पोलिसांनी त्याचा फोन आणून दिला, काच तडकलेली. "मी बंद करून टाकतो," नवरा म्हणाला होता. मी पुन्हा विचारलंही नाही.

बोंगसुनच्या लाइनवर पुढचा फोन लागला. नंबर कॉम्प्युटर लावतो, कुणाचा ते आम्हाला दिसत नाही.

"तुमचं जन्मसाल सांगाल का?"

समोरून कुणीतरी घसा खाकरला. मागे किल्ली घासायचं मशीन किंचाळत होतं, ते थांबलं.

"अठ्ठ्याण्णव," आवाज म्हणाला. "एकोणीसशे अठ्ठ्याण्णव."

मी हेडफोन कानावर घट्ट दाबला. ते खाकरणं मी एकतीस वर्षं रोज सकाळी ऐकतेय. आणि अठ्ठ्याण्णव हे हानसोलचं साल. म्हणजे हानसोलचा फोन त्याने बंद केलाच नव्हता.

बोंगसुनने मागे वळून माझ्याकडे बघत डोळे फिरवले. तिच्या दृष्टीने हा नेहमीचाच प्रकार होता. एकदा परत पाठवलेले म्हातारे पुढच्या वेळी वय चोरतात, सत्तरीच्या आवाजात पंचवीस सांगतात. ठेवून देऊ का, असं तिने हाताने विचारलं. नियमाने मी मान डोलवायला हवी होती. मी नाही म्हणून खूण केली. का ते मला आजही सांगता येणार नाही. मी इतकी हादरले होते की मला फक्त तो आवाज तुटायला नको होता.

"राष्ट्राध्यक्ष त्यांचं काम चांगलं करताहेत की वाईट?"

"वाईट," माझा नवरा म्हणाला.

"असं का वाटतं तुम्हाला?"

"समोरचा बोलत असतो तेव्हा ते ऐकतच नाहीत. आपलं उत्तर आधीच तयार ठेवून बसतात." तो थांबला, पाठ केलेलं आठवावं तसा. "आमच्या वयाच्या पोरांना काही फुकट नकोय. पुरतं बोलू तरी द्या."

शब्द न शब्द हानसोलचा होता. त्या सणाच्या दिवशी हेच बोलला होता तो, अगदी याच क्रमाने. मी आई असून विसरले होते. त्या दिवशी मला फक्त सूप गार होतंय याची काळजी होती. आणि ज्याने चमचा आपटला, त्याने सगळं जपून ठेवलं होतं. मला त्याचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच.

बोंगसुनने सगळं टाइप केलं. मग आमच्या पद्धतीप्रमाणे तिने विचारलं, "आणखी काही?" माणूस स्वतःहून बस म्हणेपर्यंत आम्ही हे विचारतोच.

किल्ल्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"होतं आणखी," तो म्हणाला. "त्याला आणखी बोलायचं होतं. काय ते मला ठाऊक नाही. मी बोलू दिलं नाही."

बोंगसुनची बोटं थांबली.

"बाई, पोराचं मत धराल ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, तिचा रंगच उडाला. मी मान डोलवली. "हो," ती फोनवर म्हणाली. "धन्यवाद." आणि लाइन बंद केली.

"ताई, कोण होतं गं?"

मी सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला. हानसोलच्या अंत्यविधीचे तिन्ही दिवस माझ्या शेजारी बसलेली बाई ती.

"मग राहू दे ना," ती हळूच म्हणाली. "एकच तर कमी आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

दुसऱ्याच्या नावाने दिलेलं उत्तर रद्द. हे मीच प्रत्येक नव्या बाईला पहिल्या दिवशी शिकवते. आजवर अशी हजारो रद्द केली असतील, कधी विचार केला नाही. त्या दिवशी बटणावर ठेवलेलं बोट माझं ऐकेना. शेवटी दाबलं. वय, मत, ती वाक्यं, सगळं पडद्यावरून गेलं आणि रकाना पुन्हा रिकामा झाला. दहा मिनिटांनी बुसानचा एक पोरगा सापडला. "चांगलं करताहेत," म्हणाला. का, तर "असंच." त्याचं धरलं.

शुक्रवारी मला सुट्टी असते. सकाळी दहाच्या बातम्यांत आकडे आले. नवरा अजून दुकानात गेला नव्हता. रिमोट त्याच्या हातात होता, पण त्याने चॅनेल बदललं नाही. चष्मा लावून पडद्यापुढे जाऊन बसला.

"काय गं, त्या वयाच्या पोरांत नाराज किती म्हणाले?"

"शंभरात बासष्ट."

तो ते मनात घोळवत बसला. मग मान न वळवता म्हणाला, "फोन लागतो त्या प्रत्येकाचं धरता ना तुम्ही? कुणाचं टाकून तर देत नाही?"

फोनवरचं घरीही बोलायचं नाही, असं आम्ही लिहून दिलेलं असतं. पण मी खरं बोलले नाही ते त्यासाठी नाही.

"धरतो हो," मी म्हटलं. "सगळ्यांचं धरतो."

"मग ठीक."

पडद्यावर हवामान आलं. त्याने आवाज बंद केला, माझ्याकडे वळला आणि विचारलं, "हानसोल तुझ्याशी काय बोलायचा गं?" मी सांगायला लागले. पुष्कळ होतं, अडखळत सांगितलं, पुन्हा मागे जाऊन सांगितलं. दुकान उघडायची वेळ टळून गेली, आणि मधे तो एकदाही बोलला नाही.