भूर

माझा धाकटा भाऊ धम्मदीप बायको निकिताला आणि दीड वर्षाच्या सुगतला घेऊन बंगळुरूहून येरवड्याला माझ्याकडे आला. कशाला, तर पोराला पुणं दाखवायला! नाक दाखव म्हटलं की जो कान दाखवतो, त्याला.

सकाळी संग्रहालय. निकिता त्याला इंग्रजीतून मूर्तींची शतकं समजावत होती. पोरानं मूर्तींकडे पाठ फिरवली आणि दाराकडे बोट करून म्हणालं, "भूर!" त्याला येणारा हा एकच शब्द.

"बघा ताई, त्याला अजून फिरायचंय!" निकिता हरखली.

मग खडकवासला. भर उन्हात धरणाचं पाणी बघून त्यानं भोकाड पसरलं, "भूर!" धम्मदीपनं लगेच मोबाइलवर पुढचं ठिकाण शोधलं. 'भूर' म्हणजे 'चला इथून' असंही असतं, हे इंजिनिअरिंगला शिकवत नसावेत.

संध्याकाळी आमच्या सोसायटीत परतलो. लिफ्टचं दार सरकलं आणि दिवसभर रडलेला सुगत टाळ्या पिटत किंचाळला, "भूर!"

त्या दोघांना चौथ्या मजल्यावर उतरवून मी त्याला घेऊन पुन्हा खाली गेले. मग वर, मग परत खाली. पोर खिदळत होतं.

घरात आलो, तर निकिता फोनवर आईला सांगत होती, "अगं, काय खूश आहे तो! म्युझियमचा इम्पॅक्ट! उद्याची पण तिकिटं काढली."

सुगतनं दाराकडे बोट केलं.

मी चपला काढल्याच नव्हत्या.