अडीच नॅनोमीटर

वैजयंतीनं संगणकाचा पडदा अनिलकुमार सरांकडे वळवला आणि म्हणाली, "सर, वाळल्यावर प्रथिनाची घडी पडते."

सर आलेखाकडं बराच वेळ पाहत राहिले. सोलापूरच्या त्या संशोधन केंद्रात ते तिचे मार्गदर्शक होते, आणि घाईनं मत देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

वैजयंती मंगळवेढ्याची. घरची जमीन कोरडवाहू, रब्बीला ज्वारी. पेरल्यावर पाऊस नाही पडला तरी ते पीक तग कसं धरतं, याचं तिला लहानपणी कधी नवल वाटलं नव्हतं, ते एम.एस्सी.ला आल्यावर वाटायला लागलं. आता ती ज्वारीच्या दाण्यातल्या एका प्रथिनावर पीएच.डी. करत होती. पाण्यात असताना या प्रथिनाला ठरावीक आकार नसतो, सुटलेल्या दोऱ्यासारखं ते वळवळत असतं. पाणी आटल्यावर ते काय करतं, हे तिला शोधायचं होतं.

त्यासाठी तिनं प्रथिनाच्या रेणूवर दोन ठिकाणी बारीक खुणा चिकटवल्या होत्या. प्रत्येक खुणेत एक सुटा इलेक्ट्रॉन. तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो, आणि जवळपास तसाच दुसरा असला की दोघांना एकमेकांची चाहूल लागते. नमुना गोठवून मोठ्या चुंबकात ठेवायचा, सूक्ष्मलहरींचे ठोके द्यायचे आणि येणारा संदेश किती वेगानं वरखाली होतो ते पाहायचं. खुणा जितक्या जवळ, तितकी लय जलद. त्या लयीवरून अंतर काढता येतं. यंत्राचं नाव इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स. केंद्रात सगळे त्याला ईएसआरच म्हणत.

ओल्या नमुन्यात अंतर एक असं मिळालंच नाही, नुसती पसरट टेकडी आली. कोरड्या नमुन्यात मात्र टोकदार शिखर होतं, अडीच नॅनोमीटरवर. म्हणजे वाळल्यावर दोन खुणांमधलं अंतर ठरावीक होत होतं, रेणूची घडी पडत होती. केसाच्या जाडीत अशी तीसेक हजार अंतरं मावतील.

"हे शिखर मला खरं वाटत नाही," सर म्हणाले. "वाळताना रेणू एकमेकांना चिकटतात. एकाची खूण शेजारच्याच्या खुणेजवळ आली असणार, आणि आपण ते एकाच रेणूच्या आतलं अंतर समजतोय. पाठवायच्या लेखातून हा भाग काढून टाकू."

"काढू नका, सर. शेजाऱ्यामुळं होत असेल तर शेजारीच बदलून बघू."

"म्हणजे?"

"खुणा लावलेलं प्रथिन थोडं घेते आणि बिनखुणेचं भरपूर. दोन्ही मिसळून वाळवते. मग खुणेच्या रेणूला शेजार मिळेल तो बहुतेक बिनखुणेचाच. शिखर शेजाऱ्याचं असलं तर जाईल. आतलं असलं तर राहील."

"आणि गेलं तर?"

"तर तो भाग मी स्वतः काढीन. पण जाणार नाही."

सर थोडं हसले. "खुणा कमी म्हणजे संदेशही क्षीण. यंत्र दिवसभर चालू ठेवावं लागेल. आणि सोमवारपासून ते दुसऱ्या गटाकडं आहे."

"शनिवारी बसते."

नमुना तयार झाला, पण शुक्रवारी दुपारी वेगळीच अडचण आली. नमुना गोठलेला ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो, आणि तो घेऊन पुण्याहून निघालेला टँकर वाटेत बंद पडला होता. उरलेल्या नायट्रोजनवर यंत्र शनिवारी जेमतेम दुपारपर्यंत चाललं असतं.

वैजयंतीनं अकलूजला फोन लावला. तिचा मावसभाऊ अभिमन्यू तिथल्या एका दूध डेअरीच्या कृत्रिम रेतन केंद्रात कामाला होता. वळूंचं वीर्य नायट्रोजनमध्येच साठवतात, हे तिला त्याच्याकडूनच माहीत होतं.

"किती पायजे त्ये सांग," तो म्हणाला. "डॉक्टरसायबांना इचारतो."

शनिवारी सकाळी तो पिकअपमधून दोन मोठे कॅन घेऊन हजर झाला. "टँकर आला की भरून द्या म्हन्ले सायेब," त्यानं सांगितलं. कॅन उतरवून झाल्यावर तो यंत्राच्या खोलीतच रेंगाळला.

"एवढ्या बारक्या नळीत काय मोजतीस गं?"

"दोन खुणांमधलं अंतर."

"दुर्बिणीनं बघायचं की मग."

"दुर्बिणीला दिसत नाही, दादा, इतकं लहान आहे. म्हणून खुणांनाच विचारायचं, एकमेकींपासून किती लांब आहात म्हणून."

"आन् त्या सांगत्यात?"

"सांगतात. पण आज हळू बोलताहेत."

खरंच सुरुवातीला पडद्यावर नुसती खरखर होती. यंत्र तीच मोजणी पुन्हा पुन्हा करून बेरीज घेत होतं. अभिमन्यू चहा घेऊन परत अकलूजला गेला. सर येऊन बघून गेले. वैजयंती नायट्रोजन भरत राहिली. चाचणी नेटकी मांडली आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उत्तर काहीही आलं तरी ते खरंच असणार होतं.

दुपार कलली तशी खरखरीतून लय वर आली. वैजयंतीनं गणित लावलं आणि सरांना बोलावून आणलं.

शिखर जागेवर होतं. अडीच नॅनोमीटर.

सरांनी जुना आणि नवा आलेख शेजारी ठेवले. "माझी शंका अगदीच फुकट नव्हती," ते म्हणाले. "जुन्यात पायथ्याला उतार जास्त आहे. तो चिकटलेल्या शेजाऱ्यांचाच."

वैजयंतीनं निरखून पाहिलं. "हो, सर. तो माझ्या लक्षात आला नव्हता. तोही लेखात लिहू."

"लिहू. पण शिखर तुझं. घडी पडते."

दोघांनी लेख एका शोधपत्रिकेकडं पाठवला. परीक्षकांनी आणखी एक चाचणी मागितली, वैजयंतीनं ती केली, आणि पावसाळा संपेपर्यंत लेख स्वीकारला गेला. पुढच्या खुणा प्रथिनावर कुठं लावायच्या, हे तिनं सरांना विचारलं तेव्हा ते कागदांतून मान वर न करता म्हणाले, "तू ठरव, आणि मला सांग."

तिनं टोकापासची जागा निवडली आणि सोमवारपासून कामाला लागली.